महिपतीची लाईट

तिसरा मजला यायच्या जरा आधी लिफ्टला एक बारीकसा हिसका बसला. वरचा पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला, दिवा गेला, आणि महिपतीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ट्रिप झाली." कंपनीत मशीन अचानक बंद पडलं की म्हणायचा हा शब्द उच्चारायची वेळ येऊन वर्षं लोटली होती, तरी जिभेवर तो अजून तसाच ताजा होता. अंधारात त्याचा डावा दंड आईनं घट्ट धरून ठेवला होता. बनुबाई जन्मात पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढली होती, तीही नको नको म्हणत, आणि चढताना देवळाच्या उंबऱ्याला शिवावं तसं तिनं खालच्या पट्टीला शिवून हात कपाळाला लावला होता. तिच्या पायाशी पोत्यात गुंडाळलेला बरका फणस होता. आंबेनळीच्या वळणावळणांतून पोलादपूरला आणि तिथून महाडपर्यंत एसटीत तिनं तो मांडीवरून खाली ठेवला नव्हता. मे महिन्याच्या उन्हानं तो अगदी फुटायच्या बेताला आला होता, आणि डब्यातली हवा हलायची थांबली तसा त्याचा वास पुढं सरसावला आणि नाका-तोंडात भरून राहिला.

"थांबली काय रे?" बनुबाईनं विचारलं.

"लाईट गेलीय, आये. येईल आत्ता."

त्यानं दारावर थापा मारल्या. खालून वॉचमन कोंडाजीचा आवाज आला, विहिरीच्या तळातून यावा तसा. "साहेब, आख्ख्या म्हाडातली गेलेय. दार उघडायची चावी सेक्रेटरीकडं हाय, नि सेक्रेटरी गेलेत महाबळेश्वरला थंड हवा खायला." मग वरून प्रियदर्शिनीचा आवाज. "अहो, आई बऱ्या आहेत ना? त्यांना खाली बसवा. मी कोंडाजींना दुसरी चावी शोधायला सांगते." बायकोच्या आवाजात काळजी होती, आणि काळजीच्या खाली आणखी एक प्रश्न होता, तो फक्त महिपतीला ऐकू आला: सांगितलंत का त्यांना? त्यानं दोन्हींना मिळून एकच उत्तर दिलं. "बसवतो."

बनुबाई फणसाला टेकून खाली बसली आणि तोही तिच्या शेजारी बसला. दाराच्या फटीतून उजेडाची एक मळकी रेघ येत होती आणि तिच्यात न गिलावा केलेली विटांची भिंत दिसत होती. इमारतीला बाहेरून गुलाबी रंग, जिन्यात ग्रॅनाइट, आणि पोटात हे असं. लिफ्टच्या बॅटरीचे पैसे तळमजल्यावाल्यांनी का द्यायचे, यावर सोसायटीत वर्षभर भांडण चाललं होतं, आणि ही सदनिका घेतली तेव्हा वीज कंपनीतला माणूस म्हणून त्याच भांडणात पंच व्हायची पाळी महिपतीवर आली होती. त्यानं नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंना बरोबर म्हटलं होतं. त्याचा स्वभावच तो. कुणाला नाही म्हणायचं झालं की तो मान डोलवून मोकळा व्हायचा, आणि मग जे बोलायचं ते राहून जायचं, आणि राहून गेलेलं पुन्हा बोलणं तर त्याहून कठीण. आताही एक गोष्ट तशीच राहून गेली होती.

आईला त्यानं चार दिवसांसाठी म्हणून आणलं होतं. डोळे तपासू, सुनेच्या हातचं खा, मग सोडतो परत. खरी गोष्ट अशी होती, की तिला परत सोडायचं नव्हतं. आईच्या वाडीवरच्या घरांपैकी बहुतेकांना कुलपं होती, माणसं मुंबईला, आणि मागच्या डोंगराला भेग पडल्यापासून पावसाळा आला की उरलेल्यांना खाली उतरा म्हणून सांगायला कुणी ना कुणी यायचं. बनुबाई उतरायची नाही. दर वर्षी महिपती जाऊन तिला तेवढ्यापुरती खाली आणायचा, गणपतीला पुन्हा नेऊन सोडायचा. यंदा नेणारा-आणणारा तोच इथं नसणार होता. ओमानच्या एका गॅस पॉवर प्लांटमध्ये त्याला नोकरी लागली होती, व्हिसा आला होता, बॅग पलंगाखाली होती, आणि तिच्यावर प्रियदर्शिनीनं चादर टाकली होती, सासूबाईंच्या नजरेला पडू नये म्हणून. आई इथं राहिली तरच त्याला जाता येणार होतं. त्या वाडीवर तिला एकटी टाकून विमानात बसणं त्याच्यानं झालं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि इथं का राहायचं हे सांगायचं तर तो का चाललाय हे सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर कंपनी बंद आहे हे सांगायला हवं, आणि तेच तर त्यानं इतकी वर्षं सांगितलेलं नव्हतं. एक खिळा उपटायला जावं तर सगळी फळीच हातात यावी.

सावित्रीच्या खालच्या अंगाला, तुडीलच्या पलीकडं कंपनी उभी राहिली तेव्हा तो नुकता डिप्लोमा झालेला पोरगा होता. पहिल्यांदा टर्बाइन पेटलं तो दिवस त्याला अजून छातीत आठवायचा, कारण तो आवाज कानाआधी छातीत शिरला होता. हवा दाबून आत घ्यायची, तिच्यात गॅस पेटवायचा, त्या झोतानं पाती फिरवायची आणि बाहेर पडणारी धग वाया न घालवता तिच्यावर पाणी उकळून वाफेनं दुसरं चाक फिरवायचं. राख नाही, कोळशाचे ढीग नाहीत, नाव घेण्यासारखा धूर नाही. कोळशाचं स्टेशन थंड पडलं की पुन्हा तापायला दिवस घेतं. गॅसचं म्हणजे ऐनवेळी पाहुणे आले की टाकलेला चहा. संध्याकाळी सूर्य कलला की माळावरच्या सोलरच्या पाट्या झोपी जातात, आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांतून दिवे, पंखे, मिक्सर जागे होतात. मधली ती खिंड लढवायची कुणी, तर गॅसनं. दोन-तीन उन्हाळे त्यांनी ती लढवली. तिन्हीसांजेला फोन यायचा, आणा मशीन वर, आणि महिपती कन्ट्रोल रूममध्ये काट्यांवर नजर रोवून उभा राहायचा, आणि अंगातून काहीतरी सुसाट वर चढत गेल्यासारखं वाटायचं. मग गॅसच यायचा थांबला. देशातला गॅस थोडा. तो आधी खताच्या कारखान्यांना, शहरांतल्या गाड्यांना, चुलींना. बोटीनं येणारा इतका महाग, की त्यावरची वीज घ्यायला कुणी तयार होईना. एवढं मोठं धूड, पाडवत नाही नि चालवत नाही, असून अडचण नसून खोळंबा. माणसं एकेक करून गेली. राहिले थोडे, मशीन राखायला, आणि त्यांत महिपती, कारण त्याला जातो म्हणता आलं नाही.

राखायचं म्हणजे काय, हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. टर्बाइनचा रोटर, म्हणजे तो अजस्र पोलादी दांडा, नुसता पडून राहिला तर आपल्याच वजनानं मधोमध झोक खातो. मग तो कायमचा गेला. म्हणून त्याला अधूनमधून अगदी हळू फिरवत राहायचं, वीज नाही, काही नाही, फक्त वाकू नये म्हणून. कोकणातली दमट हवा आत शिरून गंजू नये म्हणून कोरडी हवा सोडत राहायची. इतकी वर्षं महिपतीनं हेच केलं. गणवेश चढवायचा, डबा घ्यायचा, जायचं आणि न चालणारं यंत्र वाकू नये म्हणून फिरवून यायचं. एकदा तपासणीसाठी तो टर्बाइनची धग बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टच्या बोगद्यात शिरला होता, तर आत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. तो ते पाडायचं सोडून तिथंच बसून राहिला होता, अशाच अंधारात, अशाच पोलादाला पाठ टेकून, आणि त्याला तेव्हा भीती वाटली नव्हती. उलट बाहेर यायचाच कंटाळा आला होता. आज ते आठवलं आणि पाठीवरून घामाची धार उतरली.

"तू फोन लाव," बनुबाई एकदम म्हणाली.

"कुणाला?"

"तुझ्या कंपनीत. त्यांना सांग, मी हितं अडाकलोय. तिकडं कोण बघतंय मंग?" ती थोडी थांबली. "माझ्यापायी झालं हे. तू मला आणायला वाडीवर आलास, तिकडं कुणी ऱ्हायलं नसंल, म्हणून गेली. आख्ख्या म्हाडाची लाईट गेली माझ्यापायी."

महिपतीला हसू आलं, आणि ते तोंडापर्यंत यायच्या आधीच विझलं. तिचा आवाज खराखुरा अपराधी होता. लोकांच्या शेतात आपली गुरं शिरल्यावर बाई बोलते तसा. तो म्हणाला, "तसं नसतं, आये."

"कसं नसतं? तूच बोललावतास. लोड वाढला की आमाला पळायला लागतं, घास टाकून उठायला लागतं. तवापास्नं मी एकच बल्ब लावते."

त्याला ते आठवेना. बोलला असेल, पहिल्या उन्हाळ्यात, नव्या नोकरीच्या तोऱ्यात. त्यानं विचारलं, "आणि तो टेबलफॅन दिलावता तो?"

"खोक्यात हाय."

"टीव्ही?"

"टीव्ही बघायला जाते ना मी प्रयागबाईकडं. तिचा पोरगा काय लाईट बनवत नाय. तिला लावू दे."

या टेबलफॅनवरून महिपतीनं आईशी किती वेळा कटकट केली होती. चिकटपणा कसला करतेस, बिल मी भरतो ना, जुन्या माणसांची ही खोडच. ती नुसती हसायची. मे महिन्यात घर तापलं की खळ्यात गोधडी टाकून निजायची. तो महाडला पंख्याखाली निजायचा, आणि ती तिकडं उकाड्यात, त्याला पळावं लागू नये म्हणून, ज्याला पळवणारं काही उरलंच नव्हतं. त्यानं मोबाईलचा टॉर्च लावला. आईचा चेहरा पाहावासा वाटला होता त्याला. तिनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "इझव तो. उगा कशाला जाळतोस." त्यानं विझवला.

दिवेलागणीला वाडीवर बटण दाबून बल्ब लागला की बनुबाई त्याला हात जोडायची. तशी सगळीच जुनी माणसं जोडतात, लक्ष्मी म्हणून. पण हिच्या हात जोडण्याला जास्तीचे तीन शब्द होते. "आली माझ्या महिपतीची." वाडीवर मग थट्टेनं तेच नाव पडलं, महिपतीची लाईट. गेली की पोरं ओरडायची, महिपतीची गेली, आणि प्रयागबाई अंगणातून विचारायची, काय गो, तुझा महिपती निजला वाटतं? त्यावर बनुबाईचं ठरलेलं उत्तर होतं: माणूस हाय, दमतो. एकदा वादळात खांब पडून कितीतरी दिवस अंधार होता, तेव्हाही ती हेच म्हणत राहिली म्हणे, आणि लोकांनी पोराला बोल लावू नये म्हणून स्वतःहून घरोघर रॉकेल वाटून आली. गॅस थांबला त्या वर्षी महिपती मुद्दाम वाडीवर गेला होता, आईला सांगून टाकायचं म्हणून. पोचायला तिन्हीसांज झाली. तो अंगणात चपला काढत होता, आणि आत तिनं बटण दाबलं, आणि पाठमोरी उभी राहून हात जोडले, आणि ते तीन शब्द म्हणाली. तो मागं उभा आहे हे तिला माहीत नव्हतं. त्यानं चपला पुन्हा घातल्या, उगीच विहिरीपर्यंत जाऊन आला, आणि मग खोकून घरात शिरला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यानं तेव्हा मनाला सांगितलं. मूठ झाकून झाकून बोटं आखडतात, हे म्हणीत कुठं सांगितलेलं नसतं.

"सापडेना हो चावी," वरून प्रियदर्शिनी म्हणाली. "फोन करून विचारलं, तासाभरात येईल म्हणताहेत लाईट. आई, घाबरू नका हं."

"मी नाय घाबरत गो," बनुबाईनं वर तोंड करून सांगितलं आणि मग खालच्या आवाजात मुलाला म्हणाली, "उद्याच्या पैल्या गाडीनं मला माघारी सोड. डोळ्यांचं मागाहून बघू. तू माझ्या मागंपुढं करत बसलास तर लोकांनी काय अंधारात बसायचं?"

आणि महिपतीला कळलं, की आता सगळ्या बाजूंनी दार लागलं. त्याच्या थापेवर विश्वास ठेवूनच ती परत जाणार होती. ती गेली की तो अडकला. मग विकायला काढलेलं मशीन आज ना उद्या विकलं जाणार, आणि तो महाडात एखाद्या केमिकलच्या कंपनीत गेटवर बसणार, आणि दर संध्याकाळी डोंगरावर ती एकुलता एक बल्ब लावून हात जोडणार. फणसाचा वास, आईच्या लुगड्यातला धुराचा वास, विटांचा ओलसर वास. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात. इतकी वर्षं गळतंय, आणि वास म्हणून नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. आणि बहुधा अंधार होता म्हणूनच, तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच, तो बोलून गेला.

"आये, कंपनी बंद हाय."

"आज रजा हाय?"

"आज नाय. कैक वर्षं झाली. गॅसच येत नाय. मी लाईट बनवत नाय, आये."

थांबला असता तर तो पुन्हा कधीच बोलला नसता, म्हणून तो थांबला नाही. त्यानं रोटरचं सांगितलं, कोरड्या हवेचं सांगितलं, मशीन विकायला काढल्याचं सांगितलं. बोलता बोलता तो वाडीवरच्या भाषेत गेला होता, हे मागाहून त्याच्या लक्षात आलं. बनुबाईनं मध्येच विचारलं, "नुस्ता पडून ऱ्हायला की वाकतो?"

"व्हय. आपल्याच भारानं."

"लोखंडाचा ना?"

"लोखंडाचाच."

"मंग मी हात जोडायची ती कुणाची?"

"सगळ्यांची मिळून येते ती. कोयनेची असंल, कुठल्या कोळशाची असंल, उन्हाची असंल. तारेत शिरली की वळखायला येत नाय."

कुणीतरी जिन्यानं धपधप उतरलं. बनुबाईच्या बांगड्या वाजल्या, ती पोत्याची सुतळी चाचपत असावी. राहिलेलंही त्यानं मग सांगून टाकलं. ओमान, व्हिसा, पलंगाखालची बॅग, आणि तिनं आता इथंच राहायचं ते. ओमान म्हणजे कुठं, असं तिनं विचारलं नाही. वाडीतली दोन पोरं आखातात जाऊन आली होती, समुद्रापलीकडं एवढं तिला पुरेसं होतं. तिनं विचारलं ते वेगळंच.

"तिकडली चालू हाय?"

"हाय. रातंदिवस. गॅस त्यांच्या जमिनीतच हाय."

"मंग तिकडली लाईट हिकडं येते?"

"नाय, आये. मधी समुद्र हाय."

"तर मंग मला कळंल कसं?"

"काय कळंल?"

"रोज दिवेलागणीला बटण दाबलं नि बल्ब लागला, की मी समजायची, माझा पोरगा उभा हाय. आजारी नाय, पडला नाय, उभा हाय." तिचा आवाज अगदी साधा होता. रडवेला असता तर महिपतीला सोपं गेलं असतं. "गेली की जीव जायचा माझा. नि आली की पैला घास उतरायचा. म्हणून फोन नाय केला कधी तुला. कशाला करायचा, समोर जळतोय ना."

फोन रोज करीन, व्हिडिओवर तोंड दिसेल, असं काहीबाही तो बोलला. ती हूं हूं म्हणत राहिली. दाराच्या फटीतली रेघ राखाडी झाली, मग दिसेनाशी झाली. बाहेर दिवेलागण झाली होती, आणि लावायला दिवा नव्हता. त्यानं तिच्या हाताला हात लावला. तिनं काढून घेतला नाही, आणि धरलाही नाही. मघाशी दंडाला रुतलेली ती बोटं त्याला हवीशी वाटली, इतकी, की लिफ्ट पुन्हा एकदा हिसका देईल तर बरं, असंही मनात येऊन गेलं. छातीवरचं ओझं उतरलं की हलकं वाटतं म्हणतात. त्याला तर आपल्या आतून काहीतरी काढून नेल्यासारखं वाटत होतं, आणि ते परत मागायला तोंड नव्हतं.

मग लाईट आली. आधी पंख्याचा गुरगुराट, मग पांढराफटक दिवा, सगळं एकदम. खाली पोरांनी ओरडा केला. बनुबाईचे हात आपसूक वर गेले, चाळीस-पन्नास वर्षांची सवय ती, तळवे एकमेकांना टेकायला आले, आणि तसेच थांबले. दिव्याकडं पाहत तिनं विचारलं, "ही कुणाची रे?"

"म्हायत नाय, आये."

"असंल कुणाच्यातरी पोराची," ती म्हणाली, आणि ते हात तिनं खाली आणले आणि फणसाच्या पोत्याची सुटलेली सुतळी बांधायला घेतली.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली आणि दार उघडलं. प्रियदर्शिनी समोरच उभी होती. तिच्या मागं घर नुसतं झगझगत होतं, लाईट गेली तेव्हा जे जे चालू होतं ते सगळं एकदम परत आलेलं, हॉलचा दिवा, बेडरूमचा, स्वयंपाकघरातला, दोन्ही पंखे, टीव्हीवर कुणीतरी मोठमोठ्यानं बातम्या देणारा. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळायचं ते कळलं. बनुबाई पाय धुवायलाही न थांबता आत गेली आणि पंख्याच्या बरोबर खाली खुर्चीत जाऊन बसली. महिपती फणस खांद्यावर घेऊन उंबऱ्यातच राहिला. सासूबाईंना जास्तीचे दिवे खपत नाहीत हे प्रियदर्शिनीला माहीत होतं. ती लगबगीनं बटणांकडं गेली आणि एकेक बंद करू लागली.

"ऱ्हाऊ दे गो," बनुबाई म्हणाली. "जळू दे सगळ्या. आता कुणाला लोड नाय."